उशिराचे निदान आणि लेखनाची जबाबदारी

अमेरिकन संगीतसमीक्षक टिम पेज यांनी आपल्या एका आत्मकथनपर लेखाच्या आरंभी दुसरीत असताना लिहिलेला निबंध दिला आहे. वर्गाची सहल बॉस्टनला जाऊन आली होती आणि तिच्याविषयी लिहून आणायचे होते. बॉस्टनमध्ये जे पाहावे म्हणून शाळेने मुलांना नेले होते, ते या मुलाने जवळजवळ वगळले. बस कोणत्या क्रमांकाच्या रस्त्याने आणि कोणत्या गावावरून गेली, वाटेत कोणते चर्च दिसले, ते पाहून कोणत्या पुस्तकातील चित्रे आठवली, हे मात्र त्याने मन लावून लिहिले. बाईंना इतका राग आला की भेटायला बोलावणारा शेरा लिहिताना त्यांची लाल पेन्सिल कागदातून आरपार गेली. हा मुलगा पुढे समीक्षक झाला. १९९७ साली त्याला समीक्षेचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. २००० साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, अ‍ॅस्पर्गर लक्षणसमूहाचे निदान झाले; आजच्या वर्गीकरणात त्यालाच स्वमग्नता म्हणतात. त्यावरचा लेख २००७ साली 'न्यूयॉर्कर'मध्ये आणि 'पॅरलल प्ले' हे पुस्तक २००९ साली प्रसिद्ध झाले.

निबंधाची संहिता तेव्हा होती तीच आज आहे. तरीही पेज यांचा लेख वाचलेल्या कोणालाही तो निबंध त्या बाईंप्रमाणे वाचता येणार नाही. बाईंना त्यात अवज्ञा दिसली. आपल्याला लक्षण दिसते. एका लहान मुलाला तो रस्ता खरोखरच बॉस्टनपेक्षा रम्य वाटला असेल आणि त्याने ते नेमके लिहिले असेल, ही तिसरी शक्यता या दोन्ही वाचनांत सारखीच हरवते. प्रस्तुत लेखात या हरवण्याचा विचार करावयाचा आहे. लेखकाला आयुष्याच्या मध्यावर किंवा त्यानंतर असे निदान झाले, तर त्याने आधी लिहिलेल्या शब्दांचे आणि त्या शब्दांविषयीच्या त्याच्या जबाबदारीचे काय होते, हा प्रश्न वैद्यकाच्या कक्षेत मावत नाही. वाचन हाच ज्यांचा व्यवसाय आहे त्यांनी तर तो टाळू नये.

आधी शब्दाविषयी. 'ऑटिझम' ही संज्ञा स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑइगेन ब्लॉयलर यांनी स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात घडविली. १९११ च्या त्यांच्या ग्रंथात ती स्थिरावलेली दिसते. 'ऑटोस' म्हणजे स्वतः. रशियन मनोविकारतज्ज्ञ ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२५ साली सहा मुलग्यांची जी वर्णने प्रसिद्ध केली ती आजच्या संकल्पनेच्या फार जवळची आहेत. परंतु त्यांचे नाव दीर्घकाळ विस्मृतीत गेले. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांविषयी लिहिले, हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी १९४४ साली. अ‍ॅस्पर्गर यांचे जर्मन भाषेतील काम इंग्रजी जगात रुजले ते लोर्ना विंग यांच्या १९८१ च्या लेखानंतर, आणि अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत ते नाव आले १९९४ साली. २०१३ च्या आवृत्तीत ते पुन्हा काढून सर्व प्रकार एकाच वर्णपटात घातले गेले. या सनावळीचा अर्थ साधा आहे. १९७० किंवा १९८० च्या सुमारास जन्मलेले, बोलते, अभ्यासात बरे असलेले मूल, आणि त्यातही मुलगी असेल तर अधिकच, या संज्ञेच्या आवाक्यात येतच नव्हते. अशा पिढीला निदान उशिरा झाले, कारण संज्ञाच उशिरा आली.

मराठीत ही संज्ञा 'स्वमग्नता' होऊन आली. 'मग्न' हा शब्द आपल्याकडे तटस्थ नाही. ध्यानात मग्न, भजनात मग्न, वाचनात मग्न असे म्हणताना आपण त्या अवस्थेत सुख आणि थोडीशी स्वेच्छा गृहीत धरतो. 'स्व' जोडताच सुख आणि स्वेच्छा तशीच राहतात. मात्र त्यांना स्वार्थाचा वास येऊ लागतो. वस्तुतः या व्यक्तींच्या कथनांत वारंवार येते ते याच्या उलट. दिव्याचा गुंजारव, कापडाचा स्पर्श, एकाच वेळी बोलणारी चार माणसे असे बाहेरचे जगच त्यांच्या अंगावर अतोनात येत असते. टिम पेज हा मुलगा त्या बसमध्ये स्वतःत मग्न नव्हता, रस्त्यात मग्न होता. आपल्या समीक्षाव्यवहारात या शब्दाचा एक जुना भाऊ आहे: 'आत्ममग्न'. मर्ढेकरांनी १९४१ साली 'वाङ्मयीन महात्मता'मध्ये वाङ्मयीन आत्मनिष्ठेला मोठेपण दिले, तेव्हापासून 'आत्मनिष्ठ' ही स्तुती आहे. 'आत्ममग्न' ही निंदा आहे. निष्ठा कोठे संपते आणि मग्नता कोठे सुरू होते याचा निकष मात्र कोणी दिलेला माझ्या वाचनात नाही. परीक्षण लिहिणाऱ्याचा संयम जेथे संपतो तेथे, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. या शब्दाकडे मला शेवटी परत यावे लागणार आहे.

येथे प्रस्तुत लेखिकेला एक वैयक्तिक गोष्ट सांगणे भाग आहे. ('प्रस्तुत लेखिका' या पदामागे उभे राहण्याची सोय मला नेहमीच आवडत आली आहे, पण पुढील मजकुरात ती सोय वापरणे लबाडीचे होईल.) तीन वर्षांपूर्वी, चव्वेचाळिसाव्या वर्षी, मला स्वमग्नतेचे निदान झाले. त्या प्रक्रियेतील एका गोष्टीने साहित्याची अभ्यासक म्हणून मी चकित झाले. या निदानासाठी रक्ताची तपासणी नसते, मेंदूचे छायाचित्र नसते. लक्षणे बालपणापासून असली पाहिजेत, अशी अट असते. ती शिकून घेतलेल्या उपायांनी पुढे झाकली गेलेली असू शकतात, हेही निदानपुस्तिकेला मान्य आहे. म्हणजे पुरावा भूतकाळात शोधायचा आणि भूतकाळ हाताशी असतो तो गोष्टींच्या रूपात. तज्ज्ञांनी आईला बोलावले आणि माझ्या लहानपणाविषयी विचारले.

आईने जी गोष्ट सांगितली ती आमच्या घरात लग्नाकार्यांत हमखास सांगितली जाते. मी सात वर्षांची असताना शेजारच्या गल्लीतील एक काकू निघता निघता म्हणाल्या, "या हं एकदा जेवायला." दुसऱ्या दिवशी बारा वाजता मी हातपाय धुऊन त्यांच्या घरी जाऊन बसले. त्यांनी पोळी-भाजी वाढली, मी जेवले, ताट उचलून ठेवले आणि घरी आले. घरात ही गोष्ट चाळीस वर्षे विनोदी म्हणून सांगितली जाते. आई ती त्या खोलीतही हसतच सांगू लागली. समोरच्या बाई लिहून घेत होत्या. मध्येच आईच्या लक्षात आले की त्या हसत नाहीत, आणि तिचा आवाज बदलला. गोष्ट तीच, निवेदक तोच, घटनाक्रमही तोच. पण ऐकणाऱ्याने प्रकार बदलला आणि त्याबरोबर विनोदाची व्याधी झाली. वाङ्मयप्रकार हा वाचकाच्या अपेक्षेत असतो हे मी वर्गात अनेक वर्षे शिकवीत होते. आपल्या आईच्या चेहऱ्यावर ते घडताना पाहण्याचा प्रसंग येईल, असे वाटले नव्हते.

काकूंच्या वाक्याचा वाच्यार्थ मी घेतला, व्यंग्यार्थ घेतला नाही. अभिधा, लक्षणा, व्यंजना या शब्दशक्ती पदव्युत्तर वर्गाला शिकविणे हा पुढे माझा व्यवसाय झाला यातील गंमत माझ्याही ध्यानात आहे. मात्र तो योगायोग नसावा. 'सूर्य मावळला' या एका वाक्यातून बोलणारा आणि ऐकणारा बदलताच किती निरनिराळे अर्थ निघतात, याची मम्मटाने केलेली मांडणी प्रथम वाचली, तेव्हा माझ्या सहाध्यायांना ती शास्त्रकाराची हौस वाटली. मला ती अतिशय दिलासा देणारी वाटली. इतरांना जे आपोआप उमगते ते कोणीतरी पायरी पायरीने लिहून ठेवले होते. टिम पेज यांनी आपल्यावर एमिली पोस्ट यांच्या शिष्टाचारविषयक ग्रंथाचे असेच ऋण सांगितले आहे. माणसे एकमेकांशी कशी वागतात हे त्यांना किशोरवयात त्या ग्रंथामुळे कळू लागले. एकाने ते शिष्टाचाराच्या पुस्तकातून शिकावे आणि दुसरीने काव्यशास्त्रातून, एवढाच फरक. त्यामुळे अशा व्यक्तीला व्यंजना कळत नाही, हे वर्णन अर्धेच खरे आहे. तिला ती सहज कळत नाही, कष्टाने कळते. कष्टाने कळलेल्या गोष्टीविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ असते.

आता मूळ प्रश्नाकडे. निदानाने भूतकाळाचे काय होते? तत्त्वज्ञ इयान हॅकिंग यांनी 'रीरायटिंग द सोल' (१९९५) या ग्रंथात या प्रश्नाला हात घातला आहे. तेथील विषय वेगळा, बहुव्यक्तिमत्त्व आणि स्मृती हा, आहे. पण युक्तिवाद येथे लागू पडतो. एलिझाबेथ अ‍ॅन्स्कम यांच्या 'इन्टेन्शन' (१९५७) पासून हे मान्य झालेले आहे की कोणतीही कृती हेतुपूर्वक असते ती एका विशिष्ट वर्णनाखाली. हॅकिंग विचारतात, की करताना जे वर्णन उपलब्धच नव्हते, ते नंतर उपलब्ध झाले आणि आपण ते मागच्या कृतीला लावले, तर ती कृती तशी होती असे म्हणायचे काय? त्यांचे उत्तर सावध आहे. भूतकाळ त्या बाबतीत अनिश्चित होता, असे ते म्हणतात. नवे वर्णन त्याला काही प्रमाणात नव्यानेच निश्चित करते.

या सूक्ष्म मुद्द्यामागे फार साधे दुःख असते. एका जवळच्या मैत्रिणीची आई वारली तेव्हा मी भेटायला गेले आणि मैत्रिणीने वर्तमानपत्रात दिलेल्या निवेदनातील एका वाक्याचा काळ चुकला आहे, हे तिला सांगितले. ती काही बोलली नाही. पुढे भेटी कमी झाल्या. मी मनाने कठोर आहे, हे त्या दिवसापासून मी स्वतःविषयी धरून चालले आणि वीस वर्षे त्या वर्णनाखाली जगले. माझ्या लेखनातील जो एक प्रकारचा अतिसावध, दहा वेळा क्षमा मागून पुढे सरकणारा गद्य-स्वर आहे, तो तेथून आला आहे. निदानानंतर त्या प्रसंगाचे दुसरे वर्णन मिळाले: मी तिच्या दुःखाजवळ जाण्याचा प्रयत्न करीत होते, आणि मला नीट येणारी एकच गोष्ट घेऊन गेले होते. हे वर्णन खरे आहे, असे मला वाटते. पण ते मला सोयीचेही आहे, आणि जे सोयीचे आहे ते खरे मानताना किती सावध असावे हे हॅकिंग यांनी सांगण्याची गरज नव्हती.

ब्रिटिश तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांनी २००७ च्या आपल्या ग्रंथात ज्ञानविषयक अन्यायाचा एक प्रकार सांगितला आहे: समाजाच्या सामायिक भाषेत एखाद्या अनुभवाला नावच नसल्यामुळे, तो अनुभव घेणाऱ्याला तो स्वतःलाही समजावून सांगता येत नाही. उशिरा निदान झालेल्या लेखकांच्या कथनांत याचे प्रतिध्वनी सर्वत्र आहेत. इंग्लंडमधील लेखिका कॅथरिन मे यांना गाडी चालवीत असताना रेडिओवरील मुलाखतीत आपलेच वर्णन ऐकू आले. 'दि इलेक्ट्रिसिटी ऑफ एव्हरी लिव्हिंग थिंग' (२०१८) हे पुस्तक त्या क्षणापासून सुरू होणाऱ्या पायपिटीचे आहे. या कथनांत सुटकेचा जो भाव आहे त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. माझे म्हणणे एवढेच, की या सुटकेत दोन खाती मिसळली जातात. हेतूच्या खात्यावर माझ्या नावे चुकीची रक्कम मांडली होती. ती दुरुस्त झाली. परिणामाच्या खात्यावर मैत्रिणीला जे दुखले ते दुखलेच. तेथे निदानाने काही वजा होत नाही. मी तिला पत्र लिहिले, तेव्हा त्यात निदानाचा उल्लेख आधी केला होता आणि मग खोडला. तिला त्याचे काय करायचे होते?

लेखक-आत्मचरित्रकाराच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. १९८५ साली बॅरन-कोहेन, लेस्ली आणि फ्रिथ यांच्या गाजलेल्या शोधनिबंधापासून स्वमग्न व्यक्तींना दुसऱ्याच्या मनाची कल्पना करता येत नाही ही उपपत्ती प्रबळ झाली, आणि तिचा विस्तार होत होत त्यांना स्वतःचे मनही नीट उमगत नसावे, येथवर गेला. असे असेल तर स्वमग्न व्यक्तीचे आत्मचरित्र हा वदतोव्याघात ठरतो. हा केवळ तर्काचा खेळ नव्हता. टेम्पल ग्रँडिन यांचे आत्मकथन १९८६ साली आले, तेव्हा ऑलिव्हर सॅक्स यांच्यासारख्या सहानुभूतीने पाहणाऱ्या चिकित्सकालाही ते सहलेखिकेचे कर्तृत्व असावे असे वाटले होते. हे त्यांनीच पुढे प्रांजळपणे नमूद केले आहे. म्हणजे लेखन वाईट असेल तर ते लक्षण, आणि चांगले असेल तर ते दुसऱ्याचे. फिलिप लजन यांनी १९७५ साली मांडलेला आत्मचरित्राचा करार लेखक, निवेदक आणि नायक यांच्या एकतेवर उभा आहे. येथे त्या तिघांतील निवेदकाची साक्षच आधी बाद केली जाते. वेन बूथ यांनी 'अविश्वसनीय निवेदक' ही संकल्पना कादंबरीसाठी दिली होती, आणि ती अविश्वसनीयता संहितेतून सिद्ध करावी लागे. वैद्यकाने ती मुखपृष्ठावरच सिद्ध मानली. वक्तृत्वशास्त्राच्या अभ्यासक मेलनी यर्जो यांनी 'ऑथरिंग ऑटिझम' (२०१८) मध्ये हा कोंडमारा सविस्तर दाखविला आहे. हॅकिंग यांनीही २००९ साली या आत्मकथनांविषयी लिहिताना असे सुचविले, की ती आधीपासून असलेल्या अनुभवाचे वृत्त देतात एवढेच नाही; त्या अनुभवाविषयी बोलण्याची भाषाच ती घडवीत आहेत. साहित्याच्या अभ्यासकाला हे विधान अपरिचित वाटू नये. दलित आत्मकथनांनी मराठीत काय केले हे आपण पाहिलेले आहे. दोहोंची तुलना मात्र मी एवढ्यावरच थांबवते. जातीने लादलेले आणि मज्जारचनेतून आलेले एकाच मापाने मोजता येणार नाही.

या कोंडमाऱ्यातून बाहेर पडण्याची वाट डेमियन मिल्टन या, स्वतः स्वमग्न असलेल्या, ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने २०१२ साली दाखविली. दोन निरनिराळ्या घडणीची माणसे एकमेकांना समजत नाहीत, तेव्हा न समजणे दोन्ही बाजूंनी असते. तुटलेला पूल एकाच काठाच्या नावावर लिहिणे बरोबर नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा सारांश देता येईल. हे वाचताना मला प्रथम आठवला तो आपल्या काव्यशास्त्रातील सहृदय. अभिनवगुप्ताचा सहृदय म्हणजे काव्याच्या अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे, आणि म्हणून वर्णिलेल्या विषयाशी ज्याला तन्मय होता येते, असा रसिक. या व्याख्येत एक मोठी नैतिक शक्यता दडलेली आहे. काव्य पोचले नाही तर दोष कवीचाच असेल असे नाही. आरसा घासायचे काम वाचकाचे राहून गेले असेल. संवादाची निम्मी जबाबदारी येथे वाचकावर आहे, आणि ती जन्मजात गुणाची नसून अभ्यासाची आहे. पाश्चात्त्य मानसशास्त्राला २०१२ पर्यंत जे सुचले नाही ते आपल्याकडे दहाव्या-अकराव्या शतकातच होते असा निष्कर्ष काढण्याचा मोह येथे होतो. तो काढू नये.

कारण त्याच परंपरेत दुसरी बाजूही आहे. रसास्वादासाठी वासना म्हणजे पूर्वसंस्कार आवश्यक मानले गेले, आणि ज्यांच्या ठायी ते नाहीत असे प्रेक्षक नाट्यगृहातील लाकूड, भिंत आणि दगड यांच्यासारखे होत, असे धर्मदत्ताच्या नावावरील एक मत विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त नोंदविले आहे. ज्यांचा प्रतिसाद दिसत नाही त्यांच्यात प्रतिसादच नाही, हे अनुमान त्यात आहे. स्वमग्नतेच्या पहिल्या अर्धशतकातील वैद्यकाने नेमके हेच अनुमान केले. हे मत मी वर्गात नेहमी विनोदाने सांगत असे आणि मुले हसत असत. मागच्या वर्षी सांगताना शेवटच्या बाकावरील एका विद्यार्थ्याकडे लक्ष गेले. तो कधी मान डोलावत नाही, वर पाहत नाही, आणि त्याची उत्तरपत्रिका वर्गात सर्वांत चांगली असते. मी वाक्य अर्धवट सोडून पुढच्या मुद्द्याकडे गेले. सहृदयाची संकल्पना टाकून द्यावी असे मला वाटत नाही. हृदयाचा 'समान'पणा तीत जो गृहीत आहे, तो किती समान असावा याविषयी आपण फार उदारपणे, म्हणजे फार आळसाने, विचार केला आहे, एवढे मात्र वाटते.

निदान जिवंत लेखकाला झाले तर त्याचे काय करायचे हे निदान त्याच्या हाती असते. (श्लेष अनवधानाने झाला, राहू द्यावा.) मृतांना तेही नाही. आयरिश मनोविकारतज्ज्ञ मायकल फिट्झजेरल्ड यांनी २००५ च्या आपल्या ग्रंथात स्विफ्ट, अँडरसन, मेलव्हिल, लुइस कॅरल, येट्स, ऑरवेल अशा अनेकांना अ‍ॅस्पर्गर लक्षणसमूहाच्या चौकटीत बसविले. चरित्रातील विक्षिप्तपणाच्या आठवणी जमवायच्या, त्यांतून लक्षण काढायचे आणि लक्षणातून कृतीचा अर्थ लावायचा, असा हा मार्ग आहे. मराठीतही असे करणे अवघड नाही. दोन-तीन नावे वाचकाच्या मनात आलीही असतील. मी ती घेणार नाही. निदानाचा उपयोग जगण्यासाठी असतो. भारतात २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात एकवीस प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश झाला, त्यामुळे जिवंत माणसाला काही मागता येते. मृत कवीला प्रमाणपत्र देऊन त्याच्या कवितेचे काय भले होणार? तिचा अर्थ मात्र एका शब्दात आटोपतो.

याला पर्याय आहे तो जोआन लिंबर्ग यांच्या 'लेटर्स टू माय वीअर्ड सिस्टर्स' (२०२१) या पुस्तकात. इंग्लंडमधील या कवयित्रीलाही चाळिशी ओलांडल्यावर निदान झाले. पूर्वीच्या स्त्रियांना उद्देशून पत्रे, असे पुस्तकाचे स्वरूप आहे. पत्रे व्हर्जिनिया वुल्फ यांना आहेत, चेटूक केल्याच्या आरोपाखाली खटला झालेल्या केप्लरच्या आईला आहेत, नाझी राजवटीत मारल्या गेलेल्या आडेलहाइड ब्लॉख यांना आहेत, आणि अ‍ॅस्पर्गरच्या एका बालरुग्णाच्या आईलाही आहेत. (अ‍ॅस्पर्गर यांनी मुलांना ज्या व्हिएन्नातील संस्थेकडे पाठविले तेथे मुले मारली जात होती, हे हेर्विग चेक आणि इडिथ शेफर यांच्या २०१८ मधील संशोधनानंतर नाकारता येत नाही.) लिंबर्ग यांपैकी कोणाचेही निदान करीत बसत नाहीत. 'विचित्र' ठरविले जाणे हा एवढाच धागा त्या धरतात आणि पत्र लिहितात. पत्राचा एक गुण असा, की ते ज्याला लिहिले त्याला ते नाकारता येते, निदान तशी जागा त्यात ठेवलेली असते. चिकित्सेच्या टाचणात ती नसते.

राहिला 'आत्ममग्न' हा शब्द. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी एका नियतकालिकात एका कवीच्या पहिल्या संग्रहाचे परीक्षण लिहिले होते. कवीला माणसांपेक्षा वस्तूंच्या याद्यांत रस आहे, अनुभवाला भिडण्याऐवजी तो नावे मोजत बसतो, ही कविता कोरडी आणि आत्ममग्न आहे, असे मी म्हटले. त्या कवीचा दुसरा संग्रह आला नाही. ते माझ्या परीक्षणामुळे झाले असे मानणे म्हणजे स्वतःला फारच महत्त्व देणे होईल. पण त्यांनी ते वाचले होते हे मला ठाऊक आहे. त्या काळात माझ्या प्रबंधाच्या मार्गदर्शकांनी माझ्या प्रकरणांतून पानेच्या पाने याद्या काढून टाकल्या होत्या, आणि आपल्यात जे आहे ते कोणाला दिसू नये यासाठी मी सर्व शक्ती वेचीत होते. ते दुसऱ्याच्या पुस्तकात उघडपणे, न लाजता मांडलेले दिसले. माझ्या तीक्ष्णतेचे कारण हे होते. ते मला आज कळते आणि ते निदानामुळेच कळते. पण ते परीक्षण मी शुद्धीवर असताना, प्रत्येक विशेषण तोलून लिहिले होते, आणि जे तोलून लिहिले ते माझेच आहे. निदान दाखवून ते परत घेऊ लागले, तर त्या वर्षांतील माझे चांगले लेखही परत करावे लागतील.

सध्या एका प्रकाशकांना माझ्या परीक्षणांचा संग्रह काढायचा आहे. हे परीक्षण गाळावे असे एका स्नेह्यांनी सुचविले. दुसऱ्यांनी तळटीप घालून निदानाचा उल्लेख करावा असे म्हटले. वाचकाला ते हृद्य वाटेल, असे ते म्हणाले, आणि मला तेवढ्यानेच ती सूचना नको झाली. परीक्षण आहे तसे, त्याच्या सालासह, छापायचे आणि त्याच्यापुढे त्याच संग्रहाचे नवे वाचन द्यायचे असे ठरविले आहे. त्या वाचनात माझ्या निदानाचा उल्लेख नसेल. कवीविषयी माझ्या मनात काय आले आहे तेही नसेल. ते विचारण्याचा मला अधिकार नाही. संग्रहाची प्रत मिळवायला दोन महिने गेले, कारण माझ्याजवळची मी तेव्हाच कोणाला तरी देऊन टाकली होती. चौतिसाव्या पानावर एस.टी.च्या एका मार्गावरील थांब्यांची नावे क्रमाने आली आहेत. एकूण सतरा आहेत. मागच्या वेळी मी ती मोजलीही नव्हती. बाराव्या थांब्यानंतर क्रम एकदा उलटतो, आणि तो का उलटतो हे मला अजून कळलेले नाही.